वर्ग गातो, पण बोलत नाही

प्रश्न : मी सहा वर्षांपासून शाळेत फ्रेंच शिकवते. सध्याच्या वर्गात चौदा-पंधरा वर्षांची 28 मुले आहेत आणि भाषा शिकण्याचे त्यांचे हे तिसरे वर्ष आहे. मुले बोलती व्हावीत म्हणून मी दर आठवड्याला एक गाणे आणि एक छोटा व्हिडिओ वर्गात आणते. गाणे लागले की सारा वर्ग तोंडपाठ गातो, व्हिडिओ पाहताना खळखळून हसतो. पण तो संपल्यावर ‘तुम्हाला काय वाटले?’ असे फ्रेंचमध्ये विचारले की सगळ्यांच्या माना खाली जातात. नेहमीची चार मुले उत्तरे देतात आणि बाकीची तास संपण्याची वाट पाहतात. एक मुलगी सर्वांत मोठ्याने आणि अगदी सुरात गाते, पण तीन वर्षांत तिने स्वतःचे म्हणून एकही वाक्य उच्चारलेले नाही. मी आणखी नवी गाणी आणावीत का? प्रत्येकाला उभे करून एकेक कडवे म्हणायला लावावे आणि त्याला गुण द्यावेत का? मुख्याध्यापकांना हा करमणुकीचा तास वाटू लागला आहे, त्यांना काय सांगू? — एक शिक्षिका

उत्तर : तुमच्या पत्रात मला गाण्यांपेक्षा आणि व्हिडिओंपेक्षा ‘तुम्हाला काय वाटले?’ हा प्रश्न अधिक महत्त्वाचा वाटला, कारण खरी अडचण तिथे आहे. वर्गातल्या प्रत्येकाने तोच व्हिडिओ, त्याच वेळी, तुमच्यासोबत पाहिलेला असतो. त्यामुळे उत्तर देणाऱ्या मुलाजवळ इतरांना ठाऊक नसलेले असे काहीही नसते, आणि त्याचे मत ऐकण्याची गरजही कोणाला नसते. एवढे मात्र त्याला नक्की कळते की वाक्य चुकले तर 27 जण ऐकणार आहेत. थोडक्यात, तो प्रश्न कानाला गप्पांसारखा लागत असला, तरी मुलांच्या दृष्टीने ती तोंडी परीक्षाच असते. गाणे आणि व्हिडिओ यांनी तुमच्या वर्गात उत्साह आणला आहे. बोलण्याला कारण मात्र अजून आणलेले नाही, आणि ते कारण आपण मुद्दाम घडवावे लागते.

ही तुमच्या एकटीची अडचण आहे असे समजू नका. कॅनडात घरी इंग्रजी बोलणारी मुले शाळेतले विषयच फ्रेंचमधून शिकत, आणि अशा मुलांचा अभ्यास करून मेरिल स्वेन या संशोधिकेने 1985 मध्ये याच प्रश्नावर बोट ठेवले होते. वर्षानुवर्षे फ्रेंच ऐकून त्या मुलांना ऐकलेले आणि वाचलेले उत्तम समजत होते, पण बोलण्यात आणि लिहिण्यात ती फ्रेंचभाषक समवयस्कांच्या स्पष्टपणे मागे होती. स्वेन यांचे म्हणणे असे की ऐकताना माणूस संदर्भावरून अर्थ ओळखून पुढे सरकू शकतो, व्याकरणाकडे त्याने दुर्लक्ष केले तरी निभावते. बोलताना मात्र त्याला वाक्य स्वतः जुळवावे लागते, आणि आपल्याला नेमके काय येत नाही हे त्याला तेव्हाच जाणवते. तुमची मुले गेली तीन वर्षे मुख्यतः ऐकत आणि ऐकलेले परत म्हणत आली आहेत. तेव्हा आणखी गाणी आणून हा प्रश्न सुटेल असे मला वाटत नाही.

गाण्याची किंमत मी कमी करते आहे असे मात्र नाही. एडिंबरा येथे झालेल्या आणि 2014 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात 60 प्रौढांना, त्यांना पूर्णपणे अपरिचित असलेल्या हंगेरियन भाषेतील 20 वाक्प्रयोग पंधरा मिनिटांत शिकवले गेले. काहींनी ते साधे ऐकून म्हटले, काहींनी ठेक्यात म्हटले आणि काहींनी गाऊन म्हटले. नंतरच्या हंगेरियनच्या चाचण्यांत गाणाऱ्यांची कामगिरी एकंदरीत सरस ठरली. चालीला बांधलेले शब्द जसेच्या तसे लक्षात राहतात, हे आपण सगळे अनुभवाने जाणतोच. परंतु लक्षात राहिलेले वाक्प्रयोग आणि ऐन वेळी सुचलेले वाक्य यांत बरेच अंतर असते, आणि शिक्षकाला काम करायचे असते ते त्या मधल्या अंतरात.

शिवाय गाण्यातली भाषा बोलण्यातल्या भाषेसारखी असतेच असे नाही, हेही ध्यानात ठेवावे लागते. फ्रेंचमध्ये बोलताना ‘पतीत’ असा उच्चारला जाणारा शब्द कित्येक गाण्यांत, विशेषतः जुन्या चालींत, शेवटच्या मूक अक्षराला वेगळा स्वर देऊन ‘पतीतऽ’ असा गायला जातो. मँडरिन चिनीसारख्या भाषेत तर शब्दाचा अर्थच स्वराच्या चढउतारावर अवलंबून असतो, आणि गाण्याची चाल हा चढउतार बऱ्याच अंशी झाकून टाकते. म्हणून जे मूल सुरेल गाते त्याचे बोलण्यातले उच्चारही आपोआप बरोबर येतील, असे गृहीत धरू नये.

माझा सल्ला असा आहे की गाणे तेच ठेवा, पण त्यातील चाल हळूहळू काढून घ्या. पहिल्या दिवशी सर्वांनी मिळून ध्रुवपद गावे. दुसऱ्या दिवशी वर्गाचे दोन भाग करून एका भागाने ओळ म्हणावी आणि दुसऱ्याने तिला उत्तर द्यावे. तिसऱ्या दिवशी सूर सोडून फक्त टाळीचा ठेका ठेवावा आणि तेच शब्द बोलल्यासारखे म्हणावेत. न्यूयॉर्कमध्ये इंग्रजी शिकवणाऱ्या कॅरोलिन ग्रॅहम यांनी 1978 मध्ये ‘जॅझ चँट्स’ या नावाने जी पद्धत रूढ केली तिचे मर्म हेच होते : चाल नाही, फक्त ठेका, आणि त्या ठेक्यावर रोजच्या बोलण्यातली प्रश्नोत्तरे. फक्त ती पद्धत जशीच्या तशी फ्रेंचसाठी उचलू नका. इंग्रजीत आघात, म्हणजे उच्चारातला जोर, महत्त्वाच्या शब्दांवर पडत जातो. फ्रेंचमध्ये तो शब्दसमूहाच्या शेवटच्या उच्चारित अक्षरावर येतो. म्हणून टाळी प्रत्येक शब्दाला न देता शब्दसमूह संपतो तिथे द्यायला लावा. ‘ज वुद्रे पार्तीर’ म्हणजे ‘मला निघायचे आहे’ हे म्हणताना ‘ज’वर टाळी नको, ‘वुद्रे’वरही नको, एकच टाळी ‘तीर’वर पडली पाहिजे. एवढ्या एका सवयीने मुलांचे फ्रेंच, तुटक शब्दांची माळ न राहता, वाक्यासारखे ऐकू येऊ लागते आणि ते त्यांना स्वतःलाही जाणवते.

त्यानंतरची पायरी सर्वांत महत्त्वाची आहे. ठेका तोच ठेवून ओळीचा शेवट रिकामा सोडा. ‘ज वुद्रे…’ इथपर्यंत सगळ्या वर्गाने म्हणायचे आणि पुढचा शब्द एकाच मुलाने घालायचा : झोपायला, घरी जायला, गणित विसरायला, काहीही. वर्गाने लगेच पुन्हा ‘ज वुद्रे…’ म्हणून पुढच्याला वाट करून द्यायची. अशा रीतीने प्रत्येकाचा एकटा आवाज फक्त सेकंदभर उघडा पडतो आणि मग पुन्हा समूहात मिसळतो, त्यामुळे भीती वाटायला वेळच उरत नाही. दोन-तीन आठवड्यांत मुले स्वतः आख्खी कडवी रचू लागतात. ती कडवी साहित्य म्हणून फारशी चांगली नसतील, पण त्यांतला शब्दन् शब्द त्यांचा असतो.

आता गुण देऊन एकेकट्याने गायला लावण्याविषयी. हे कृपा करून करू नका. मी स्वतः शिकवण्याच्या पहिल्या काही वर्षांत हे केले होते. वर्गातला एक मुलगा सगळ्यांबरोबर छान गात असे, म्हणून मी कौतुकाने त्याला पुढे बोलावले आणि एकट्याला कडवे म्हणायला सांगितले. दुसऱ्या ओळीवर त्याचा आवाज फाटला, मागच्या बाकावर कोणीतरी हसले, आणि त्या वर्षात पुढे तो समूहातही गायला नाही. माझा हेतू चांगला होता, पण समूहगानाचा त्याने घेतलेला आडोसा मीच काढून टाकला होता. परकीय भाषेच्या वर्गातली भीती ही एरवीच्या लाजाळूपणाहून वेगळी असते. घरी आणि मैदानावर भरपूर बोलणारी मुलेही या एका तासाला गप्प होतात, कारण इथे त्यांना आपल्या वयाच्या मानाने फार बाळबोध वाक्ये बोलावी लागतात. भाषाशिक्षणाच्या संशोधिका इलेन हॉरविट्झ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1986 मध्ये ही भीती मोजण्यासाठी 33 विधानांची प्रश्नावली तयार केली, आणि तिच्यात आपले नाव पुकारले जाणार आहे हे कळल्यावर अंगाला कंप सुटण्याचाही उल्लेख आहे. गाण्याला गुण जोडले की तुमच्या वर्गात या भीतीपासून मोकळा असलेला एकमेव कोपराही ती व्यापून टाकील.

व्हिडिओचा उपयोग मात्र तुम्ही आजवर केला आहे त्यापेक्षा कितीतरी जास्त होऊ शकतो, आणि त्यासाठी नवे काही विकत घ्यायला नको. फक्त सगळ्यांना सगळे दाखवायचे नाही, एवढा एक नियम पाळायचा. माझ्या वर्गात सर्वांत जास्त चाललेला प्रयोग सांगते. मुलांच्या जोड्या कराव्यात. प्रत्येक जोडीतील एकाने पडद्याकडे पाठ करून बसायचे आणि दुसऱ्याने पडद्याकडे तोंड करून. मग आवाज पूर्ण बंद करून चाळीस-पन्नास सेकंदांचा असा एक प्रसंग दाखवायचा ज्यात काहीतरी घडते : माणूस घाईने बॅग भरतो आहे, दार वाजते, तो बॅग पलंगाखाली ढकलतो, दार उघडतो, दारात एक म्हातारी बाई मांजर घेऊन उभी आहे. पाहणाऱ्याने न पाहणाऱ्याला हे चालू असतानाच सांगत राहायचे. शेवटी पाठ करून बसलेल्यांना प्रसंगाची पाच चित्रे उलटसुलट क्रमाने द्यायची आणि ती त्यांनी योग्य क्रमाने लावायची.

पहिल्यांदा हे केले तेव्हा चौदा जोड्यांतला गोंधळ ऐकून मला वाटले की तास हातचा गेला. तेवढ्यात महिनोन्महिने तोंड न उघडलेला एक मुलगा, पडद्याकडे पाठ करून बसलेला, आपल्या जोडीदारावर ओरडला : ‘आताँ! आताँ!’ म्हणजे ‘थांब, थांब’. जोडीदार फार भरभर सांगत होता आणि याचे चित्र चुकत होते. त्याने तो शब्द आठवून, जुळवून म्हटला नव्हता. त्याला तो त्या क्षणी हवा होता, म्हणून तो आला. त्यानंतर त्याने विचारले, ‘की? की सा?’ म्हणजे ‘कोण? कोण ते?’ व्याकरणाच्या दृष्टीने यात बरेच काही कमी होते आणि मी ते दुरुस्त केले नाही. एकाला ठाऊक असलेली गोष्ट दुसऱ्याला हवी आहे आणि ती मिळवायला भाषेवाचून मार्ग नाही, एवढी परिस्थिती निर्माण झाली की ‘बोला, बोला’ असे म्हणावे लागत नाही.

तुमच्या त्या चार बोलक्या मुलांना या प्रयोगात पडद्याकडे पाठ करून बसवा. नेहमी उत्तरे देणाऱ्याला आता प्रश्न विचारावे लागतात आणि न बोलणाऱ्या जोडीदाराला सांगावे लागते. दोघांच्याही दृष्टीने हा बदल चांगला असतो.

याच प्रसंगावर दुसऱ्या दिवशी आणखी एक काम करता येते. आवाज बंदच ठेवून प्रत्येक जोडीने पात्रांचे संवाद लिहायचे आणि चित्रावर बसवून बोलायचे, म्हणजे एका परीने डबिंग करायचे. पडद्यावरचे ओठ थांबत नाहीत, त्यामुळे मुलांना शब्द शोधत रेंगाळता येत नाही आणि बोलण्याला नैसर्गिक वेग येतो. शिवाय चेहरा दुसऱ्याचा असतो, आवाज आपला असतो. लाजणाऱ्या मुलांना हा मुखवटा फार सोयीचा पडतो. सगळ्यांचे डबिंग ऐकून झाल्यावरच मूळ आवाज लावावा. त्या वेळी वर्गात जी शांतता पसरते ती कान देऊन ऐकण्याची असते, कारण आपण लिहिलेले वाक्य आणि पात्राने म्हटलेले वाक्य यांची तुलना प्रत्येक जण करत असतो. ‘मला माहीत नाही’ यासाठी पुस्तकातले ‘ज न से पा’ लिहिणाऱ्या मुलांना पात्र जेव्हा नुसते ‘शे पा’ म्हणून मोकळे होते तेव्हा धक्काच बसतो, आणि तो उच्चार मग कोणालाही शिकवावा लागत नाही.

सबटायटल्सबद्दल थोडक्यात सांगायचे तर बोलण्याच्या तासाला मातृभाषेतली सबटायटल्स पूर्णपणे बंद ठेवा, कारण ती असली की डोळे वाचत राहतात आणि कान विश्रांती घेतात. फ्रेंचमधली सबटायटल्स शेवटच्या वेळी दाखवायला हरकत नाही. ऐकलेला पण न उमगलेला शब्द त्यामुळे पकडता येतो.

कितीही चांगली क्लिप असली तरी शिक्षकाच्या दोन सवयी तिच्यावर पाणी फिरवतात. पहिली म्हणजे उत्तराची वाट न पाहणे. शिक्षणाच्या संशोधिका मेरी बड रो यांनी 1970 च्या दशकात विज्ञानाच्या वर्गांचे निरीक्षण केले, तेव्हा शिक्षक प्रश्न विचारल्यावर सरासरी सुमारे एक सेकंदच थांबतात असे त्यांना आढळले. ही वाट तीन सेकंदांपर्यंत वाढवली तेव्हा उत्तरे लांबली आणि अधिक मुले बोलू लागली. ते वर्ग मुलांच्या परिचयाच्या भाषेत चाललेले होते. तुमच्या मुलांना विचार करून शिवाय तो परक्या भाषेत मांडायचा असतो, तेव्हा मनातल्या मनात सात-आठ आकडे मोजायला हरकत नाही. ती शांतता मुलांपेक्षा शिक्षकालाच जास्त बोचते, हे मी स्वानुभवाने सांगते. दुसरी सवय म्हणजे वाक्य पुरे होण्याआधीच चूक सुधारणे. जोड्या बोलत असताना हातात वही घेऊन फिरा, चुका टिपून ठेवा, आणि शेवटच्या पाच मिनिटांत कोणाचेही नाव न घेता त्यांतल्या तीन-चार फळ्यावर लिहून वर्गाकडूनच दुरुस्त करून घ्या.

जोड्या बोलत असताना मागे मंद आवाजात, शब्द नसलेले संगीत लावून पाहा. बल्गेरियाचे मानसोपचारतज्ज्ञ गेओर्गी लोझानोव्ह यांनी भाषाशिक्षणात पाश्चात्त्य शास्त्रीय आणि बरोक (सतराव्या-अठराव्या शतकांतील युरोपीय) संगीताचा वापर करून स्मरणशक्तीबद्दल जे मोठे दावे केले होते, ते पुढे कसोटीला उतरले नाहीत आणि माझाही त्यांच्यावर विश्वास नाही. माझा हेतू साधा आहे : शांत खोलीत पहिल्या जोडीला आपला आवाज सर्वांना ऐकू जाईल असे वाटते, म्हणून ती कुजबुजते; संगीताचा आडोसा असला की ती नेहमीच्या आवाजात बोलते. संगीत बंद झाले की बोलणे थांबवायचे, हा संकेतही त्यातच मिळतो आणि टेबल आपटावे लागत नाही.

प्रसंग सांगून झाला की तो एकदाच सांगून सोडू नका. भाषाशिक्षणाचे अभ्यासक पॉल नेशन यांनी अभ्यासलेल्या एका पद्धतीत तीच गोष्ट तीन वेगवेगळ्या श्रोत्यांना अनुक्रमे चार, तीन आणि दोन मिनिटांत सांगायची असते. श्रोता नवा असल्यामुळे पुन्हा सांगणे खोटे वाटत नाही, आणि वेळ घटत गेल्यामुळे अडखळणे कमी होते. तिसऱ्या वर्षाच्या मुलांना चार मिनिटे फार होतील. तुम्ही दीड मिनिटापासून सुरुवात करून एक मिनिट आणि मग पाऊण मिनिट अशी उतरती ठेवा.

नव्या गाण्यांचा प्रश्न राहिला. गाणी मुलांनाच आणू द्या आणि शब्द आधी स्वतः वाचून घ्या, एवढेच पुरे आहे. आपल्या तरुणपणीची आवडती गाणी मुलांनाही आवडतीलच, हा भ्रम मीही बरीच वर्षे बाळगला होता.

मुख्याध्यापकांपुढे मात्र तत्त्वज्ञान मांडत बसू नका, त्यांना हिशेब दाखवा. चाळीस मिनिटांच्या तासात शिक्षकाने निम्मा वेळ जरी बोलून घेतला आणि उरलेली वीस मिनिटे 28 मुलांना समान वाटली, तरी प्रत्येकाच्या वाट्याला पाऊण मिनिटसुद्धा येत नाही. आणि प्रत्यक्षात ती वीस मिनिटे त्या चौघांकडेच जातात. याउलट पडद्याकडे पाठ करण्याचा प्रयोग जोड्यांत दहा मिनिटे चालवून मध्यावर जागा बदलल्या, तर प्रत्येक मुलाला सुमारे पाच मिनिटे सांगायला मिळतात. त्यांना एकदा वर्गात बोलवा, एका जोडीशेजारी खुर्ची द्या आणि घड्याळ लावायला सांगा. गोंगाट त्यांना खटकेल, पण तो कोणत्या भाषेत चालला आहे हेही त्यांना ऐकू येईल.

आणि ती गाणारी मुलगी. ती समूहात मनापासून गाते, म्हणजे तिचे उच्चार तयार आहेत, शब्द तोंडात बसलेले आहेत. तिला भीती आहे ती आपले वाक्य सर्वांसमोर तोलले जाण्याची. तिला आत्ताच वर्णन करायला किंवा गाणे सुरू करून द्यायला सांगू नका. क्लिप तिला एकटीला आधी पाहू द्या, मग ती थांबवण्याचे बटण तिच्या हाती द्या आणि नियम असा करा की थांबवताना मोठ्याने ‘आरेत!’, म्हणजे ‘थांबव!’, म्हटल्याशिवाय बटण दाबायचे नाही. केव्हा थांबवायचे हे तिने ठरवायचे आणि तिथे पुढे काय घडेल हे बाकीच्यांनी सांगायचे. पहिले काही आठवडे ती बहुधा एवढा एकच शब्द बोलेल. मग एके दिवशी कोणीतरी भलताच अंदाज सांगेल आणि पडद्यावर पुढे काय येते हे ठाऊक असलेली ती एकटीच असेल. तेव्हा तुम्ही घाईने ‘बरोबर की चूक?’ असे विचारू नका, वहीत काहीतरी लिहीत असल्यासारखे दाखवून थोडा वेळ थांबा.